मशरूम चिकटवू नका, अडवून ठेवा!

लायब्ररीच्या दारात डाव्या हाताला चार फुटी काचेची टाकी आहे, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. बुक बँकेच्या रांगेत उभं राहून कंटाळा आला की आपण तिथेच टेकतो. त्या टाकीची देखभाल करणाऱ्या काकांना येता-जाता विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे तीन प्रकार आहेत. पहिला, "काका, निमो कुठाय?" दुसरा, "काका, हे पाणी खरंच खारट आहे का हो?" आणि तिसरा, वाळूवर घरंगळणाऱ्या एखाद्या लालसर चकतीकडे बोट दाखवून, "काका, हे मेलं का?"

पहिल्या दोघांची उत्तरं सोपी: दगडामागे, आणि हो. तिसऱ्याला काका एकच वाक्य सांगतात, "मेलं नाही रे, पाय सुटलाय त्याचा." ऐकणारा हसतो आणि निघून जातो. पण हे वाक्य अगदी शब्दशः खरं आहे. त्या चकतीला खरोखरच एक पाय असतो, तो दगडावरून सुटतो, आणि तो परत दगडाला धरायला लावणं हे आपल्या फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये शोभेल असं काम आहे. गेली तीन सेमिस्टर मी काकांच्या हाताखाली हे काम करते आहे. त्यातलं जे समजलं ते इथे मांडते. दिवाळीच्या सुट्टीत टाकीकडे लक्ष द्यायला काही जणांची गरज लागणार आहे, हाही त्यामागचा हेतू आहेच!

हे मशरूम म्हणजे नक्की काय?

आधी नावाचा घोळ मिटवू. दुकानात याला 'मशरूम कोरल' म्हणतात. आपल्या मेसमध्ये महिन्यातून एकदा मिळणाऱ्या मशरूम मसाल्याशी याचा काही संबंध नाही. तो मशरूम म्हणजे अळंबी, बुरशीचा प्रकार. आपलं मशरूम हा प्राणी आहे. वरून पाहिलं तर एक मऊ गोल चकती, मधोमध तोंड, आणि खाली आखूड देठासारखा पाय. अळंबीसारखं दिसतं म्हणून मशरूम.

आता कोरल. कोरलला मराठीत प्रवाळ म्हणतात. आजीच्या अंगठीतलं पोवळं हेही प्रवाळच. पण ते पोवळं म्हणजे प्राण्याचा कडक सांगाडा, आणि आपल्या मशरूमला सांगाडाच नाही! समुद्रात मोठमोठे खडक बांधणारी जी दगडी प्रवाळं असतात, त्यांचं हे जवळचं नातेवाईक. शास्त्रीय भाषेत या गटाला कोरॅलिमॉर्फारिया म्हणतात. दुकानात त्यातली डिस्कोसोमा, ऱ्होडॅक्टिस आणि रिकॉर्डिया ही तीन नावं नेहमी ऐकू येतात. डिस्कोसोमा साधारण गुळगुळीत, ऱ्होडॅक्टिस केसाळ, आणि रिकॉर्डियावर साबुदाण्यासारखे टपोरे दाणे. आपल्या टाकीत पहिल्या दोन जाती आहेत.

यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देतं. म्हणजे यांच्या मेसचं बिल बऱ्याच अंशी उजेडच भरतो. म्हणून दिवा वेळेवर लागणं महत्त्वाचं.

एक सावधगिरी. 'मशरूम कोरल' याच नावाने फंजिया नावाचं एक दगडी प्रवाळही ओळखलं जातं. त्याला सांगाडा असतो, आणि मोठं झाल्यावर ते निसर्गतःच सुटं, तळाशी पडून राहतं. त्याला कशालाही चिकटवायचं नसतं. या लेखात आहे ते फक्त मऊ, बिनसांगाड्याचं मशरूम.

पाय सुटतो कशामुळे?

मशरूमला दगडावर खिळा ठोकलेला नसतो. पायातले स्नायू आणि पायाने सोडलेला चिकट स्राव यांच्या जोरावर ते धरून बसतं. पकड आवडेनाशी झाली की ते ती सोडूही शकतं. उजेड फार झाला, पाण्याचा झोत थेट अंगावर आला, शेजारच्या प्रवाळाने डंख केला, पाण्याचा खारेपणा अचानक बदलला, अशी कारणं असतात. कधी ते हळूहळू सरकतं, तर कधी सरळ सुटून पाण्याबरोबर वाहत जातं.

शिवाय माणसाने केलेली कारणं असतात. दुकानातून आणताना दगडावरून खरवडलेलं असतं. टाकी साफ करताना दगड हलतो. आणि एका मशरूमची दोन करायची म्हणून कोणी ते कापलेलं असतं. हो, धारदार ब्लेडने तोंडातून मधोमध कापलं तर दोन्ही अर्धुकं भरून येऊ शकतात. सरकत जाताना मागे राहिलेल्या पायाच्या तुकड्यातूनसुद्धा नवीन पिल्लू उगवतं. इतका चिवट प्राणी आहे हा.

म्हणजे जखम हा त्याचा मोठा प्रश्न नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. सुटलेल्या मशरूमला धरायला काही मिळत नाही आणि पाणी त्याला कुठेच स्थिर बसू देत नाही.

थोडा हिशोब करू

"एवढं मऊ, जड लिबलिबीत, आपोआप बसेल की एका जागी!" असं मला बऱ्याच जणांनी म्हटलं आहे. फ्लुइड मेकॅनिक्स पास झालेल्यांनी तरी असं म्हणू नये.

चार सेंटिमीटर व्यासाचं मशरूम घ्या. क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस सेंटिमीटर. कड थोडी उचलली गेली आणि प्रवाह समोरून लागला असं धरू. ड्रॅग म्हणजे अर्धा गुणिले पाण्याची घनता, गुणिले ड्रॅग कोइफिशंट, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले वेगाचा वर्ग. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ किलो प्रति घनमीटर, चकतीसाठी कोइफिशंट १.१ आणि वेग सेकंदाला फक्त दहा सेंटिमीटर घेतला, तर उत्तर येतं साधारण ०.००७ न्यूटन. म्हणजे पाऊण ग्रॅम वजनाएवढा ढकल.

आता मशरूमचं पाण्यातलं वजन काढा. समजा ते पाच ग्रॅमचं आहे. त्याचं अंग बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे घनता समुद्राच्या पाण्याहून जेमतेम दोन टक्के जास्त धरू. म्हणजे पाण्याखाली त्याचं वजन उरलं ०.१ ग्रॅम. ढकल वजनाच्या सातपट! घर्षणाचा कोइफिशंट कितीही उदार मनाने धरला तरी ते जागेवर राहणार नाही. आणि वेव्हमेकरच्या तोंडाशी वेग याच्या तिप्पट झाला, तर वेगाच्या वर्गामुळे ढकल नऊपट होते. आकडे अंदाजाचे आहेत, पण निष्कर्ष बदलत नाही: सुटं मशरूम स्वतःच्या वजनावर बसत नाही.

मग ते जातं कुठे? तीनच ठिकाणं. एक, दगडाच्या मागच्या अंधारात. तिथे उजेड नाही, म्हणजे उपासमार. दोन, दुसऱ्या प्रवाळाच्या अंगावर. मग दोघांची डंखाची मारामारी. तीन, वेव्हमेकरच्या जाळीवर. तिथे त्याचा अक्षरशः किस होतो. सगळ्यात वाईट हेच, कारण सडणाऱ्या मऊ मांसातून अमोनिया सुटतो, आणि अडीचशे लिटरच्या बंद पाण्यात तो पातळ व्हायला समुद्र नसतो. एका मशरूमपायी मासेसुद्धा जाऊ शकतात. शनिवारी रात्री हे झालं आणि सोमवारी सकाळी लक्षात आलं, की मग टाकीतलं पाणी पांढरट दिसतं आणि लायब्ररीत वासही येतो.

सुपरग्लूचा मोह

इंजिनिअरच्या डोक्यात पहिला विचार कुठला येणार? सुपरग्लू! विचार अगदीच चुकीचा नाही. रीफ टाकीत सुपरग्लू खरोखर वापरतात. त्यातलं रसायन म्हणजे सायनोअॅक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूवर हे बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना ते त्यांच्या हाती लागलं. ज्याला त्याला चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं, आणि तेच १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आलं.

हा गोंद वाळून घट्ट होत नाही. पृष्ठभागावरच्या पाण्याच्या सूक्ष्म थराने त्याची साखळी-प्रक्रिया सुरू होते, छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि प्लास्टिक तयार होतं. म्हणूनच तो आपल्या बोटांना इतक्या प्रेमाने चिकटतो. दगडी प्रवाळाचा तुकडा खडकाला लावायला तो उत्तम, कारण तिथे गोंदाच्या दोन्ही बाजूंना खरखरीत दगडासारखा पृष्ठभाग असतो.

मशरूमच्या बाबतीत मात्र एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला बुळबुळीत श्लेष्मा! गोंद त्या बुळबुळीतल्या पाण्यानेच घट्ट होतो आणि बुळबुळीलाच चिकटतो, मशरूमला नाही. हॉस्टेलच्या ज्या भिंतीचे पोपडे आलेत त्या भिंतीवर पोस्टर चिकटवून बघा. टेप रंगाला घट्ट धरते आणि सकाळी पोस्टर, टेप, रंग सगळं एकत्र खाली. इथे तेच होतं. मशरूम जुनी बुळबुळ टाकून नवी तयार करतं, आणि एक-दोन दिवसांत गोंदाचा पांढरा ठिपका दगडावर राहतो, मशरूम पुन्हा वाळूवर. वर गोंदाखाली पायाचा जो भाग झाकला जातो, नेमका तोच भाग दगडाला धरणार होता.

इथेच विषयाची किल्ली आहे. चिकटायचं काम मशरूमला आपल्यापेक्षा जास्त चांगलं येतं. आपण फक्त त्याला वेळ आणि जागा मिळवून द्यायची.

वेल्ड नको, फिक्स्चर हवं

वर्कशॉपच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी जिग आणि फिक्स्चरमधला फरक विचारून आपल्याला घाम फोडला होता, आठवतंय? जिग टूलला रस्ता दाखवतो, फिक्स्चर जॉबला जागेवर धरून ठेवतो. फिक्स्चर स्वतः जोडकाम करत नाही. जोडकाम होईपर्यंत जॉब हलू देत नाही, आणि झालं की बाजूला होतो.

मशरूमला हवं ते फिक्स्चर. त्याने तीन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. मशरूमचा पाय दगडाला टेकलेला राहावा. पाण्याची ढकल कमी व्हावी, पण पाणी अगदी थांबू नये, नाहीतर त्याला प्राणवायू मिळणार नाही. आणि दाब इतका नसावा की अंग चेपलं जाईल. या तिन्हींत बसतील अशा दोन पद्धती आम्ही वापरतो.

पद्धत पहिली: वाटी आणि खडे

सगळ्यात भरवशाची पद्धत ही. लागतं काय? खाण्याचे पदार्थ ठेवायचा प्लास्टिकचा एक डबा, आठ-दहा सेंटिमीटर खोल. आधी कधीही साबण, फिनेल किंवा रंग यांच्यासाठी न वापरलेला. तांब्या-पितळेची वाटी चालणार नाही, कारण तांबं या प्राण्यांना विष आहे. डब्याच्या बाजूंना तापवलेल्या सुईने बारीक भोकं पाडायची, म्हणजे पाणी खेळतं राहील.

तळाला एक-दोन सेंटिमीटरचे खडबडीत खडे. अक्वेरियमच्या दुकानात मिळणाऱ्या कोरड्या रीफ दगडाचे तुकडे सर्वात चांगले. गुळगुळीत गोटे नकोत. वाळू तर नकोच नको. मशरूम वाळूला धरतं खरं, पण मग चार कण घेऊन फिरतं. खडे एकाच थरात, एकमेकांना चिकटून ठेवायचे, म्हणजे पाय कुठेही पडला तरी खड्यावरच पडेल.

मग मशरूम अलगद उचलून तोंड वर, पाय खाली असं खड्यांवर ठेवायचं. पाय ओळखायचा कसा? तोंडाच्या विरुद्ध बाजू, रंगाने फिकी आणि बहुतेकदा थोडी फाटकी. वर मोठ्या छिद्रांची मऊ जाळी टाकून रबर लावायचं. डबा टाकीत खालच्या बाजूला, मंद उजेडात, झोतापासून लांब ठेवायचा. डबा तरंगू नये म्हणून एखादा जड दगड आत ठेवावा.

आणि मग सगळ्यात अवघड पायरी: काही करायचं नाही! रोज जाळी उघडून "चिकटलं का?" म्हणून ढोसायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस मशरूम आक्रसून बेदाण्यासारखं दिसतं. घाबरू नये. नंतर ते उघडायला लागतं. साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. गेल्या सेमिस्टरला आम्ही पाच मशरूम अशी ठेवली होती. चार जणांनी बाराव्या दिवसापर्यंत खडा धरला, पाचव्याने सबमिशनसारखं अठराव्या दिवसापर्यंत ताणलं. तपासायची रीत म्हणजे खडा चिमटीत धरून पाण्यात हळूच हलवायचा. मशरूम खड्याबरोबर हललं तर काम झालं.

पद्धत दुसरी: दगडावरच जाळी

मशरूम नेमक्या एका दगडावरच हवं असेल आणि तो दगड उचलता येत असेल, तर ही पद्धत. दगडातला एखादा खोलगट खळगा निवडायचा, त्यात मशरूम ठेवायचं, वरून जाळीचा तुकडा आणि दगडाभोवती रबर किंवा दोरा. जाळी तंबूसारखी सैल हवी. रबर मशरूमवरून न जाता बाजूने जायला हवं. अंग जाळीच्या छिद्रांतून वर उगवायला लागलं, की जाळी फार दिवस राहिली असं समजावं.

जाळी कुठली? इथे हॉस्टेलवाल्यांनी नीट वाचा. कपाटातली जुनी मच्छरदाणी कापायची कल्पना सगळ्यांना सुचते. पण आज मिळणाऱ्या कित्येक मच्छरदाण्यांना कीटकनाशक लावलेलं असतं. डासाला मारणारं ते औषध टाकीतल्या कोळंबीला आणि खेकड्यालाही मारतं, दोघंही डासाचे लांबचे भाऊबंदच. त्यापेक्षा कापडाच्या दुकानातली पांढरी नेट किंवा कांद्या-लसणाची प्लास्टिक जाळी घ्या आणि साबणाशिवाय, नुसत्या गरम पाण्यात धुऊन वापरा.

काही जण पायातून टूथपिक आरपार घालून ती दगडाच्या भोकात अडकवतात, किंवा सुई-दोऱ्याने टाका घालतात. जमतं, पण दोरा मऊ अंगातून हळूहळू कापत जातो. पकड बसायच्या आधीच दोरा बाहेर आला, की जखमही झाली आणि मशरूमही सुटलं. काकांच्या शब्दांत, "अगं, जे आपणहून बसणार आहे त्याला टाचणी कशाला?"

आता काढा सुपरग्लू

मशरूमने खडा धरला, की प्रश्न एकदम सोपा होतो. आता आपल्याला दगडाला दगड जोडायचा आहे! इथे सुपरग्लू हवाच. पातळ नको, जेलसारखा घट्ट प्रकार घ्या. पातळ गोंद पाण्यात पसरून जातो. खड्याची खालची बाजू टिपकागदाने पुसायची, वाटाण्याएवढा जेल लावायचा, पाण्यात न्यायचा आणि मोठ्या दगडावर दाबून किंचित पीळ द्यायचा. पीळ का? पाण्यात जाताच जेलवर लगेच साय धरते. ती फुटल्याशिवाय आतला ताजा गोंद दगडाला लागत नाही. मग अर्धा-एक मिनिट हात स्थिर.

जागा ओबडधोबड असेल तर अक्वेरियमसाठी मिळणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी मध्ये भरायची. पाण्याखाली पुटी चिकटण्यात कच्ची, पण फट भरण्यात पक्की. म्हणून खड्याला जेल, मध्ये पुटी, दगडाला पुन्हा जेल, असं सँडविच करतात. प्लंबिंगची पुटी हाताशी आहे म्हणून टाकू नका.

बसवण्याआधी जागा ठरवा

इथवर आपण मशरूम सुटतं म्हणून त्रासलो होतो. पण ते एकदा नीट बसलं की उलटा त्रास सुरू होतो, ते पसरतं! याचं निसर्गातलं सगळ्यात धडधडीत उदाहरण प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा बेटांचं आहे. तिथे १९९१ साली एक मासेमारी जहाज प्रवाळ खडकावर फुटलं. पुढे त्या सांगाड्याभोवती ऱ्होडॅक्टिस मशरूम इतकं पसरलं, की दगडी प्रवाळांवर त्याची चादर अंथरली गेली. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी यावर शोधनिबंध लिहिला. जहाजातून पाण्यात मिसळणारं लोखंड याला कारण असावं असा त्यांचा तर्क होता. शेवटी तो सांगाडा तिथून हलवण्यात आला.

आपली टाकी म्हणजे पाल्मायरा नव्हे, पण धडा तोच. मशरूम मुख्य दगडांच्या राशीवर बसवू नका. वाळूवर वेगळ्या ठेवलेल्या छोट्या दगडावर बसवा, म्हणजे ते त्या बेटापुरतंच राहतं. आपल्या टाकीत उजव्या कोपऱ्यात जो एकटा दगड दिसतो, तो त्यासाठीच आहे. उजेड मध्यम किंवा मंद, झोत अंगावर नको, आणि शेजाऱ्यापासून हातभर नाही तरी वीतभर अंतर.

पाणी बिघडलं तर सगळं बिघडलं

जागा कितीही छान असली तरी पाणी चुकलं तर मशरूम पुन्हा पाय सोडणार. आम्ही तापमान २४ ते २६ अंश आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवतो. मीठ घरातलं नाही, रीफ सॉल्ट, आणि पाणी आरओचं. बोअरच्या पाण्यात काय काय विरघळलेलं असेल ते कोण सांगणार!

उन्हाळ्यात टाकीवर जो छोटा पंखा दिसतो तो शोभेचा नाही. बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. पण वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून पातळी खाली गेली की वरून गोडं आरओ पाणी घालायचं, खारं नाही. थर्मोडायनॅमिक्सचं प्रॅक्टिकल फुकटात!

मशरूम मरतंय की नुसतं रुसलंय, हे वासावरून आणि पोतावरून कळतं. रुसलेलं आक्रसतं पण घट्ट राहतं. मरणारं पांढरट होतं, जेलीसारखं विरघळतं आणि घाण वास येतो. तसं दिसलं तर दया न दाखवता लगेच बाहेर काढायचं.

आणि एक सुरक्षिततेची गोष्ट. मशरूमच्या दगडावर पुष्कळदा झोअँथिड नावाची बटणांएवढी प्रवाळं फुकट येतात. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असतं. त्यामुळे दगड हाताळताना हातमोजे आणि गॉगल हवेतच. दगड 'निर्जंतुक' करायला उकळत्या पाण्यात टाकणं तर कधीच नको. वाफेबरोबर ते विष नाकात जाऊन लोकांना दवाखान्यात भरती व्हावं लागलेलं आहे.

समुद्रावरून उचलून आणलं तर?

गोव्याची किंवा मालवणची ट्रिप झाली की कोणीतरी विचारतंच, "तिथून एखादा दगड आणू का टाकीसाठी?" उत्तर: नाही. दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. काठावर पडलेला सुंदर तुकडा कुठल्या जातीचा आहे हे आपल्याला ओळखता येत नाही. म्हणून काहीच उचलायचं नाही, हा सोपा नियम. टाकीसाठी कोरडा किंवा कृत्रिम दगड मिळतो, आणि मशरूम दुसऱ्याच्या टाकीत वाढलेलं मिळालं तर उत्तमच.

मुंबईच्या गढूळ समुद्रात प्रवाळ असतं यावर माझाही आधी विश्वास बसला नव्हता. पण कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळं सापडली, आणि २०२० साली त्यांतल्या १८ वसाहती परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने दुसरीकडे हलवल्या गेल्या. तिकडे विषय कोट्यवधींच्या प्रकल्पाचा, इकडे लायब्ररीच्या दारातल्या टाकीचा. पण प्रश्न एकाच जातीचा: जिवंत गोष्ट एका दगडावरून दुसऱ्या दगडावर न्यायची, आणि तिथे तिने जीव धरायचा.

सुट्टीतली ड्युटी

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या सुट्टीत काका आठ दिवस गावाला जाणार आहेत. ज्यांचं घर लांब आहे आणि जे हॉस्टेलवरच राहणार आहेत, त्यांच्यापैकी चार जण हवेत. शाखा कुठलीही चालेल, कॉम्प्युटरवाल्यांनाही पाणी ओतता येतं असा आमचा विश्वास आहे. रोज फक्त दहा मिनिटांचं काम:

१. रेघेपर्यंत गोडं आरओ पाणी भरणे.
२. थर्मामीटर बघून वहीत लिहिणे.
३. वेव्हमेकरच्या जाळीवर काही अडकलं आहे का ते बघणे. अडकलं असेल तर आधी प्लग काढायचा, मग हात घालायचा. हा क्रम उलटा करायचा नाही!
४. सुटं मशरूम दिसलं तर चमच्याने अलगद उचलून कोपऱ्यातल्या खड्यांच्या डब्यात ठेवणे आणि जाळी लावणे. गोंदाला हात लावायचा नाही.
५. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप सुरू करणे. तो टाकीखालच्या कपाटात आहे.

नावं काकांकडे किंवा लायब्ररीच्या काउंटरवर द्यावीत. स्टाफपैकी कोणाला यायचं असेल तर आनंदच आहे.

डब्यात सध्या तीन मशरूम आहेत, दोन लाल आणि एक हिरवं. सुट्टी संपेपर्यंत त्यांनी खडा धरलेला असावा, एवढंच आपल्याला बघायचं आहे. बाकीचं ते करतील.

– टी. ई. मेकॅनिकल